निमगावच्या शिमग्याचं पत्र

आक्का, तू गेलीस त्या दिवशी मी पाच याद्या केल्या. कोणाला तार करायची, कोणाला नुसतं कार्ड पुरेल, बाजारातून काय आणायचं, शाळेच्या कोणत्या वस्तू तुझ्याकडे राहिल्यात आणि तेराव्याला कोण कोण. बायका रडत होत्या आणि मी पेन्सिलीला टोक करत होते. मोठ्या मामी कोपऱ्यातून म्हणाल्या, "इंदूचं आपलं बरं आहे. कामात असली की तिला काही लागत नाही." तू असतीस तर म्हणाली असतीस, "लागतं हो मामी, ती ते यादीत लिहीत नाही एवढंच." पण तू नव्हतीस. म्हणून माझ्या बाजूनं कोणी बोललं नाही.

पाचही याद्या पुऱ्या झाल्या. राहिलं ते एकच काम, आणि ते कुठल्याच यादीत नव्हतं, कारण ते तू आजारपणात तोंडी सांगितलं होतंस. "शिमग्याच्या आधी निमगावला जाऊन ये. कोंडाबाईला भेट." मी म्हटलं, "तू उठलीस की दोघी जाऊ." तू भिंतीकडे तोंड केलंस. आपलं शेवटचं भांडण ते, एका वाक्याचं. तू उठणार नाहीस हे तुला कळलं होतं, आणि एकटीनं जायची मला भीती वाटते हेही तुला कळलं होतं.

वाचनालयाची मंडळी म्हणाली, बहिणीविषयी चार पानं लिहा. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव अशा क्रमानं लिहा. एरवी असा क्रम मीच लोकांना लावून देते. या वेळी जमेना. मी निमगावचंच लिहिते आहे, आणि तुलाच लिहिते आहे. मंडळींना छापायचं तर छापतील.

गेल्या आषाढात याच मंडळींनी ठरवलं होतं, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जे लोक मागच्या लढाईवर गेले त्यांच्या आठवणी गोळा करून पुस्तक काढायचं. काम माझ्याकडे आलं, कारण सभेत वही उघडून बसलेली मी एकटीच होते. तीन दिवसांत मी बेचाळीस नावं काढली. प्रत्येकाचं गाव, तिथं जाणाऱ्या एस.टी.ची वेळ आणि विचारायचे चाळीस प्रश्न. तू मेथी निवडत होतीस. हात पुसून तू प्रश्न वाचलेस, सगळे वाचलेस, आणि म्हणालीस, "छान आहेत गं. पण यातले तीस पुस्तकात सापडतील. ते त्या माणसाला कशाला विचारायचे?"

"मग काय विचारायचं?"

"ते आत्ता कसं कळेल? आधी आपण लढाई शिकू."

आणि सगळा चातुर्मास आपण दोघी लढाई शिकलो. लोकांच्या घरी पोथी लागली होती, आपल्या घरी शाळेचा नकाशा लागला होता. वाचनालयाच्या माळ्यावरचे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आपण खाली काढले. झुरळं झटकून मी तारखेवार लावले, तू वाचलेस. पुण्याहून एक जाड इंग्रजी पुस्तक मागवलं. ते मी कोश घेऊन वाचायची आणि रोजची दहा पानं मराठीत तुला सांगायची. पेठेतल्या म्हाताऱ्या सुभेदारांनी पाटावर शेंगदाणे मांडून आपल्याला पलटणीची रचना शिकवली. एवढे दाणे म्हणजे सेक्शन, एवढे म्हणजे प्लाटून. धडा संपल्यावर तू अख्खी कंपनी खाऊन टाकलीस. सुभेदार म्हणाले, "बाई, असा फडशा तर शत्रूनंही पाडला नव्हता." इतकं हसताना तुला मी फार वर्षांनी पाहिलं.

त्या चार महिन्यांबद्दल मी कधी तुझे आभार मानले नाहीत. निमगावची बदली संपवून तू बारामतीला आलीस तेव्हापासून आपण एका घरात राहत होतो, पण एका पुस्तकावर दोन डोकी वाकवून बसलो ते तेव्हाच. मी शिकत होते ती वहीत उतरवण्यासाठी. तू कशासाठी शिकत होतीस ते मला पणदऱ्याला कळलं.

पणदऱ्याचे भिकोबा ब्रह्मदेशच्या जंगलात खेचरांवर होते. दोन बाया वही घेऊन आलेल्या बघून त्यांनी गोठ्यातूनच सांगितलं, "तुमाला काय कळनार हाय त्यातलं? लढाई झाली, आमी आलो. लिवा." मी पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारला. उत्तरं आली "व्हय" आणि "न्हाय". तू म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभी होतीस. मग हळूच म्हणालीस, "भिकोबा, तुमच्या खेचरांचासुद्धा आवाज काढून टाकला होता का हो?"

भिकोबांच्या हातातली पेंडी तशीच राहिली. शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून तिथं खेचरांचे गळे कापून आवाज बंद करत, हे आपण आदल्याच आठवड्यात वाचलं होतं. मी ते वहीत एका ओळीत टिपलं होतं. भिकोबा खाली बसले. "माझ्यातल्या एकीचं नाव राणी व्हतं," ते म्हणाले. "तोंड उघडायची, आन् नुसता वारा यायचा." त्यानंतर तीन तास ते बोलत होते. तू पुढं एकही प्रश्न विचारला नाहीस. परतताना मी म्हटलं, "आपला अभ्यास उपयोगी पडला." तू म्हणालीस, "त्यांना एकट्यानं आठवायला लागू नये एवढ्यापुरता."

हे वाक्य मी वहीत घेतलं नाही. ते उत्तरांच्या रकान्यात बसत नव्हतं.

मार्गशीर्षात आपण निमगाव केतकीला गेलो. तुझं गाव ते; लढाईची सगळी वर्षं तू तिथल्या शाळेत काढली होतीस. एस.टी.त तू मला मारुतीची हकिकत सांगितलीस. मारुती हा कोंडाबाईचा थोरला मुलगा. तो आणि गेनबा एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीतून इटलीला गेले. मारुती बेपत्ता असल्याची तार आली. लढाई संपल्यावर गेनबा हवालदार होऊन एकटा परतला आणि कोंडाबाईला म्हणाला, "शिमग्याच्या दिशी नदीवर गेला गं. मी बघितला." तेव्हा तिनं फाल्गुनातली पौर्णिमा ही त्याची तिथी धरली. सगळं गाव त्या दिवशी पुरणपोळी खातं, तिच्या घरी तवा चढत नाही. होळीभोवती बोंबा मारणारी पोरं गल्लीगल्लीतून फिरतात, पण तिच्या दारावरून जाताना तोंडावरचा हात खाली घेतात, मुकाट्यानं जातात आणि पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा सुरू करतात. नऊ वर्षं असं चाललं होतं. कोणी ठरवून दिलं नव्हतं.

तू सांगत होतीस आणि मी मनात परतीच्या गाडीचा हिशेब करत होते. कारण मी एक व्यवस्था केली होती. निरोप पाठवून कोंडाबाईलाही गेनबांच्याच मळ्यावर बोलावून घेतलं होतं. एका फेरीत दोन कामं. तुला ते फाट्यावर उतरल्यावर सांगितलं. तू जागीच थांबलीस. "दोघांना वेगळं भेटायला हवं होतं, इंदू."

"पाचची गाडी चुकेल, आक्का."

"चुकू दे की."

"आता निरोप गेलाय."

गेनबांचा पानमळा. पायातलं काढल्याशिवाय ते आत कोणाला येऊ देत नाहीत, म्हणून आपण बाहेरच बांधावर बसलो, शेवरीच्या सावलीत. शेजारी कोंडाबाई, आणि तिला पोचवायला आलेला तिचा धाकटा मुलगा नामदेव, उभाच. गेनबा नुसत्या पायांनी, गुडघ्यापर्यंत चिखल, सांगू लागले.

"शिमग्याचा दिस. सांजच्याला नदी वलांडायची व्हती. डोंगरावर त्यांचा मठ, आन् खाली ती नदी. लई मोठी न्हाय बाई, पर पानी असं पळायचं, कालव्याची दारं उघडल्यावर पळतं ना, तसं. वरनं धूर सोडलेला. शेजारचा मानूस दिसंना. मारुती माझ्या म्होरं व्हता. एक पाय बोटीत, एक पाय काठावर…"

ते थांबले. कोंडाबाई रडत नव्हती. तिला ही गोष्ट पाठ होती. "म्होरं सांग," ती म्हणाली.

आणि मी म्हटलं, "एक मिनिट हं, हवालदार. शिमगा नसेल तो."

तू माझा गुडघा दाबलास. मला वाटलं, तुला सावलीत सरकायचं आहे. मी सरकले आणि बोलत राहिले. "ती नदी तुमच्या पलटणीनं मे महिन्यात ओलांडली. म्हणजे आपला वैशाख. शिमग्याला तुम्ही तिथं पोचलासुद्धा नव्हता, पलीकडच्या किनाऱ्याला होता. हे बघा, मी लिहून आणलंय." मी खरोखरच वही उघडून त्यांच्यापुढे धरली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापुढे.

गेनबांनी वहीकडे बघितलं, मग तुझ्याकडे. "आसंल बाई," ते म्हणाले. "तुमी वाचलंय."

"म्हंजी?" कोंडाबाई म्हणाली. "शिमग्याला न्हवं?"

नामदेव हसला. वाईट मनानं नाही. काय करावं ते न कळून हसला. "म्हंजी आये, नऊ वर्सं आमी पोळ्या खाल्ल्या न्हाईत त्या उगंच व्हय?"

गेनबा उठले. "पानी द्यायचंय येलांना," म्हणाले आणि मळ्यात शिरले. आपण पाचच्या गाडीपर्यंत थांबलो. ते बाहेर आले नाहीत.

गाडी निम्म्या वाटेवर आली. मग खिडकीकडे बघतच म्हणालीस, "त्या शिमग्याचं पत्र मी लिहिलं होतं. कोंडाबाईनं सांगितलं, मी लिहिलं. इटलीला पोचायला दोन-अडीच महिने लागायचे. गेनबा परत आले तेव्हा मला म्हणाले होते, बाई, मारुती गेला त्याच दिवशी सकाळी तुमचं पत्र पोचलं होतं."

मला सगळं एकदम कळलं. पत्रात शिमगा होता म्हणून त्यांच्या लेखी तो दिवस शिमग्याचा. "म्हणजे तुला ठाऊक होतं!"

"होतं."

"नऊ वर्षं? आणि तू बोलली नाहीस?"

"नाही."

"आक्का, ती बाई चुकीच्या तिथीला उपाशी राहते आहे."

"चुकीच्या कशी? तो त्या दिवशी गेला नाही, एवढंच. ती त्या दिवशी त्याच्यासाठी उपाशी राहते, ते तर खरं आहे ना?"

"मग इतिहास कशाला म्हणायचं? चार महिने आपण काय केलं?"

"मला काय ठाऊक बाई," तू म्हणालीस. "मी आपली चौथीपर्यंत शिकवणारी."

पुढच्या बाकावरचा माणूस मान वळवून बघत होता, म्हणून आपण थांबलो. घरी आल्यावर मी मारुतीच्या नावापुढे शाईनं "वैशाख" लिहिलं. सकाळी वही उघडी होती. तू ती बघितलीस, मिटून जागेवर ठेवलीस आणि दूध तापवायला गेलीस. त्या भांडणात माझं म्हणणं बरोबर होतं, आक्का. महिना वैशाखच होता. आजही पुस्तक उघडलं तर तेच सापडेल. बरोबर असूनही मला त्या दिवसापासून स्वस्थ वाटत नव्हतं, हे तुला सांगायचं राहिलं.

मग तू अंथरूण धरलंस. बाजाराला पानं घेऊन आलेली निमगावची बाई तुला बघायला आली आणि तिनं खबर दिली. गेनबा आता कोंडाबाईच्या दारात जात नाहीत. पारावर त्यांना पोरं विचारतात, "हवालदार, नक्की कुठल्या म्हयन्यात लढाई झाली?" नामदेवचं लग्न झालंय, नव्या सुनेचा पहिला शिमगा, तो म्हणतो यंदा पोळ्या करायच्या. आणि गल्लीतली पोरं विचारताहेत, यंदा म्हातारीच्या दारात बोंब मारायची का नाही. कोंडाबाई कोणालाच काही म्हणत नाही. शिमगा तिचा राहिला नाही आणि वैशाख तिला आपला वाटत नाही. तेव्हाच तू म्हणालीस, शिमग्याच्या आधी जाऊन ये.

आधी जाणं झालं नाही. शिमग्याच्या दिवशीच सकाळच्या गाडीनं गेले. वाटेत तीन वाक्यं जुळवून ठेवली होती.

कोंडाबाई उंबऱ्यावर बसली होती. आतून पुरणाचा वास येत होता. मला बघून नामदेव ओशाळला. "बाई, तिचा पयला सन हाय. आन् तुमीच म्हनाला ना…"

"बाई गेल्या म्हनं," कोंडाबाई म्हणाली.

मी मान हलवली. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. माझी तीन वाक्यं त्यात गेली. शेवटी नुसतं म्हटलं, "कोंडाबाई, मी चुकले."

"तुमी कशाला चुकाल? तुमी वाचून आला व्हता. चुकला तर गेनबा."

तेव्हा कळलं की इथं मी कितीही वेळा चुकले म्हटलं तरी भागणार नाही. मी तशीच मळ्यावर गेले. चपला बांधावर काढल्या आणि आत शिरले. गेनबा वेल बांधत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"हवालदार, त्या दिवशी सकाळी पत्र आलं होतं ना?"

त्यांचे हात थांबले. "बाईंनी सांगितलं?"

"हो."

"मंग त्या दिशी बांधावर मला खोटं का पाडलंत?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

"बाईंला ठावं व्हतं."

"आक्कानं माझा गुडघा दाबला होता," मी म्हटलं. "मला वाटलं, सावलीत सरकायला सांगते आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग, आक्का, ते हसले. "शिकल्याला मानूस," ते म्हणाले, "कवा सरकंल त्याचा नेम न्हाय." त्यांनी पाटात पाय धुतले आणि माझ्या पुढं चालू लागले.

कोंडाबाईच्या दारात मात्र ते पायरीखालीच उभे राहिले. "कोंडाबाय, म्या तुला खोटं सांगितलं न्हाय."

"मंग काय सांगितलंस?"

"आमच्याजवळ पंचांग कुठलं तितं? पत्र वाचायचं त्या दिशी त्यो सन, आसा आमचा रिवाजच व्हता. दिवाळीचं पत्र संक्रांत झाल्यावर आलं, त्या दिशी दिवाळी. चहात साखर जास्ती, झालं. त्या दिशी सकाळी तुझं पत्र आलं. वरच लिवल्यालं, आज शिमगा. मारुती म्हनाला, गेनबा, आज शिमगा हाय लेका, आन् आपली तोंडं गप? दोघांनी मिळून जी बोंब ठोकली! सायेब बंदूक घिऊन पळत आला, काय झालं म्हनून."

"बोंब मारली त्यानं?"

"मारली तर! माझ्यापरीस मोठी."

कोंडाबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की रडते आहे ते कळेना. "आवाज लहानपणापासनंच मोठा त्याचा," ती पदराआडून म्हणाली. मग पदर काढून विचारलं, "काय व्हतं रं त्या पत्रात? म्याच सांगितलं आसंल, पर ध्यानात न्हाय."

गेनबा सरळ उभे राहिले, परेडला राहावं तसे, आणि त्यांनी ते पत्र म्हणून दाखवलं. बारा वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. "चिरंजीव मारुतीस आईचा आशीर्वाद. आज शिमगा. पोळ्या केल्या. तुझ्या वाटणीची तांबडीला घातली. तांबडीला खोंड झाला आहे, कपाळावर पांढरा ठिपका आहे. नामाची खरूज बरी आहे. कालव्याला पाणी आलं. गेनबास आशीर्वाद सांगणे, त्याच्या घरी सर्व ठीक. थंडीत कान बांधणे."

"आये, खरजेचं कशाला लिवायचं?" आतून बांगड्या वाजल्या तसा नामदेव कानापर्यंत लाल झाला.

"झाली व्हती तर लिवलं," कोंडाबाई म्हणाली. "खरूज म्याच सांगितली. आठवतंय आता."

"आन् समद्यात खाली," गेनबा म्हणाले, "वाचणाऱ्यास विनंती, सावकाश वाचावे, आणि दोनदा वाचावे. आमच्यातला एक शिकल्याला वाचायचा, त्यानं दोनदा वाचलं. म्हनून तर पाठ हाय."

कोंडाबाई हळू म्हणाली, "ह्ये म्या न्हाय सांगितलं."

ती नामदेवकडे वळली. "तिथी हीच. त्याच्या कानात शिमगा व्हता, मला तेवढं बास हाय. तिला म्हनावं, पुरन झालंय तर पोळ्या लाट. पयली तांबडीच्या त्या बैलाला घाल. मी काय खानार न्हाय." आणि गेनबांना म्हणाली, "वर ये. खाली का हुबा?"

गेनबा पायरी चढले.

मग तिनं मला विचारलं, "धाकट्या बाई, मोठ्या बाई सगळ्यांच्याच पत्रात आसं लिवायच्या का वो? दोनदा वाचा म्हनून?"

आक्का, मला ठाऊक नव्हतं. बेचाळीस माणसांची नावं माझ्या वहीत होती. इटलीतल्या नद्या मला पाठ होत्या. ब्रह्मदेशात खेचरांचे गळे कापले ते मला ठाऊक होतं. आणि ज्या गावच्या बायका पाच-सहा वर्षं तुझ्या ओसरीवर येऊन आपली लढाई तुला सांगत होत्या, त्या गावच्या बाईंना, म्हणजे तुला, मी एकदाही विचारलं नव्हतं की तू किती पत्रं लिहिलीस, कोणाची, आणि आलेली उत्तरं वाचून दाखवताना तुला काय होत होतं. सगळा चातुर्मास तू माझ्यासमोर बसली होतीस.

"ठाऊक नाही," मी म्हटलं.

"इचारलं न्हाय कवा?"

"नाही."

तिनं पाट सरकवला. "बसा," म्हणाली. "तार बी बाईंनीच वाचली. शाळा नुकतीच उघडली व्हती, ज्येष्ठात. मी शाळंत गेले तार घिऊन. त्यांनी भायेर येऊन वाचली. मी म्हनाले, बाई, पुन्यांदा वाचा, कुठं चुकलं आसंल. पुन्यांदा वाचली. तशीच, सावकाश. मी म्हनाले, आजून एकदा. तवा बाईंनी ती घडी करून माझ्या मुठीत दिली आन् माझ्या शेजारी जिमिनीवर बसल्या. काय बोलल्या न्हाईत. लई वेळ. शाळा सुटायचा टोल त्यांनी त्या दिशी दिलाच न्हाय. पोरं आत तशीच बसल्याली, दिवेलागणीला मानसं शोधत आली तवर. एक पोर रडलं न्हाय का उठलं न्हाय."

परतायला संध्याकाळ झाली. गल्लीतून पोरं बोंबा मारत येत होती. कोंडाबाईच्या घराशी आली, पुढच्यानं हात खाली घेतला, मागच्यांनीही घेतले. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा सुरू झाली.

आज तुझी पेटी आवरायला काढली, पण माझाच जुना कागदांचा गठ्ठा आधी हाती लागला. त्यात तू निमगावहून मला पाठवलेली कार्डं आहेत. एक त्याच ज्येष्ठातलं आहे, शाळा उघडल्याच्या आठवड्यातलं. तुझं नीट, सरळ, मुलांना पाटीवर घालून देतेस तसलं अक्षर. "चि. इंदूस आशीर्वाद. शाळा सुरू झाली. ऊन अजून फार आहे. माझी प्रकृती ठीक. काळजी नसावी. तू जेवणाची हयगय करू नये." बस्स, एवढंच. मी ते तेव्हा वाचलं असणार, सगळं ठीक आहे असं समजून, आणि गठ्ठ्यात लावून टाकलं असणार.

एकदाच वाचलं, आक्का.